गिरणगावची जमीन

मुंबई बेटाच्या मध्यभागी, भायखळ्यापासून दादरपर्यंत, एके काळी कापडगिरण्यांची दाटी होती. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, वरळी, शिवडी या सर्व भागांना मिळून लोक गिरणगाव म्हणत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात असूनही त्याला गाव म्हणत, आणि ते योग्यच होते. कारण तेथे राहणारा माणूस शेजाऱ्याला नावाने ओळखत असे, त्याच्या मूळ गावासह ओळखत असे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे स्थापन केली. त्याआधी एकच वर्ष, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली होती. या दोन गोष्टी इतक्या जवळजवळ घडाव्यात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गिरणीला कापसाच्या गासड्या हव्यात, कोळसा हवा, तयार माल बाहेर पाठवावयास वाट हवी. रेल्वेने या सर्वांची सोय केली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, त्या रेल्वेच्या दोन मार्गांच्या आसपासच. आज ज्यांना आपण मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे म्हणतो, ते हे दोन मार्ग परळच्या बाजूला एकमेकांच्या अगदी शेजारून जातात. त्यामुळे पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) आणि मध्य रेल्वेवरील परळ ही दोन स्थानके एकमेकांना लागून आहेत.

गिरण्यांत काम करावयास माणसे आली ती कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील तरुण एखाद्या गाववाल्याचा हात धरून मुंबईस येत, मुकादमाकडे जात आणि बदली कामगार म्हणून लागत. राहावयास चाळीतील एक खोली. तीत एक कुटुंब, अथवा पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा पुरुष. जेवण खानावळीत. या खानावळी बहुधा बायका चालवीत आणि कित्येक संसार त्यांच्या पोळपाटावर उभे होते. पहाटे भोंगा झाला की चाळी जाग्या होत व माणसांचे लोंढे गिरणीच्या फाटकाकडे चालू लागत. चालू लागत, हा शब्द महत्त्वाचा आहे. कामगाराला कामावर जाण्यासाठी गाडी पकडावी लागत नसे. त्याची खोली, त्याची गिरणी, बाजार, व्यायामशाळा, भजनाची जागा, शाहिराचा फड हे सारे पायांच्या टप्प्यात होते.

घर, काम, बाजार व करमणूक एकाच भागात आणि स्थानकाच्या जवळ असावी, यास नगररचनेचे जाणकार ‘मिश्र वापर’ असे म्हणतात. नव्या शहरांसाठी आज ही रचना चांगली समजली जाते. गिरणगावाने ती कोणत्याही आराखड्यावाचून साधली होती. अर्थात त्या खोल्यांत हवा नव्हती, नळाला रांगा होत्या आणि कापसाच्या तंतूंनी अनेकांची फुप्फुसे निकामी केली, हेही विसरता कामा नये. जुने ते सारे सोने नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप विधिपूर्वक कधी मिटलाच नाही. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, काही कायमच्या बंद पडल्या, आणि एकामागून एक भोंगे थांबत गेले. मागे राहिली ती यंत्रे, उंच धुरांडी आणि सुमारे ६०० एकर जमीन.

मुलांनो, आता या जमिनीची गोष्ट नीट लक्ष देऊन वाचा, कारण ती थोडी हिशेबाची आहे.

शहरातील प्रत्येक जमिनीचा वापर नगरपालिका वा महानगरपालिका आपल्या विकास आराखड्यात ठरवून ठेवते. येथे घरे, येथे कारखाने, येथे मैदान, असे नकाशावर निरनिराळे रंग देऊन दाखविलेले असते. कारखान्याच्या जमिनीवर कोणालाही मनास येईल तेव्हा दुकाने वा घरे बांधता येत नाहीत. त्यासाठी आधी नियम बदलावा लागतो. नियम बदलला की त्याच मातीचे मोल एका दिवसात अनेक पटींनी वाढते. जमिनीने काही केलेले नसते, मालकानेही नसते. मग हे वाढलेले मोल कोणाचे? मालकाचे, त्या जमिनीवर आयुष्य घालविलेल्या कामगारांचे, की साऱ्या शहराचे?

१९९१ साली या प्रश्नाला एक उत्तर देण्यात आले. विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन भाग केले. एक भाग महानगरपालिकेस उद्याने व मैदाने यांसाठी, दुसरा भाग म्हाडास सामान्य लोकांच्या घरांसाठी, आणि तिसरा मालकास विकासासाठी. वाटणी समजूतदारपणाची होती. परंतु दोन भाग सोडावयाचे म्हटल्यावर फारच थोडे मालक पुढे आले. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. गिरण्यांच्या जमिनींचा विचार तुकड्यातुकड्यांनी न करता एकत्र करावा, म्हणजे रस्ते, मोकळ्या जागा व स्थानके यांचा मेळ घालता येईल, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. ते म्हणणे कागदावरच राहिले.

२००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्वीसारखीच तीन भागांची राहिली. पण ती आता संपूर्ण जमिनीची नव्हे, तर केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची असे ठरले. फरक लहान वाटतो. समजा, एका गिरणीची जमीन १५ एकर आहे. त्यांपैकी १२ एकरांवर इमारती व गोदामे आहेत आणि ३ एकर मोकळे आहेत. पहिल्या नियमाप्रमाणे सुमारे ५ एकर उद्यानाला व ५ एकर घरांना मिळाले असते. दुसऱ्या नियमाप्रमाणे १ एकर उद्यानाला, १ एकर घरांना, आणि उरलेले १३ एकर मालकाकडे. गिरण्यांवर कर्जे आहेत, कामगारांची देणी द्यावयाची आहेत, त्यासाठी पैसा जमिनीतूनच उभा राहणार, अशी दुसऱ्या पक्षाची बाजू होती. ती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि २००१ चा नियम कायम केला.

त्यानंतर गिरणगावचे रूप भराभर पालटले. जेथे साचे चालत होते तेथे काचेच्या कचेऱ्या, दुकानांची संकुले आणि पन्नास-साठ मजल्यांची घरे उभी राहिली. नवा वापर मिश्र होता, स्थानकाजवळही होता. मात्र जुन्या गिरणगावाहून त्यात एक मोठा भेद होता. या कचेऱ्यांत काम करणारी माणसे तेथे राहत नव्हती. ती विरारहून, बोरिवलीहून, कल्याणहून, डोंबिवलीहून येत, आणि सकाळच्या ठरावीक दोन तासांत, त्याच स्थानकांवर, त्याच जिन्यांवरून उतरत. जमिनीचा वापर बदलला होता. पुलाची रुंदी तीच राहिली होती.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी जोराचा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड व परळ ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर लोक पावसाकरिता थांबून राहिले. मागून नव्या गाड्यांतील लोक येतच होते. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्यू पावली. ती कामावर निघालेली माणसे होती. पुढे सैन्याने तेथे नवा पूल बांधला; तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी असे झाले. अधिक जिने, अधिक फलाट हेही यथावकाश झाले. यांतील काही थोडे आधी झाले असते, तर ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. चांगल्या पुलाची कोणी बातमी छापीत नाही.

आणि कामगारांचे काय झाले? गिरण्यांच्या जागी बांधलेल्या घरांतील काही घरे त्यांना वा त्यांच्या वारसांना देण्यास २०१२ साली सोडतीने आरंभ झाला. अर्ज दीड लाखांच्या आसपास होते, घरे त्या मानाने फार थोडी. ज्यांचे नाव निघाले त्यांपैकी काहींना परळ-वडाळ्याच्या जुन्या परिसरातच घर मिळाले. काहींना पनवेलजवळील कोन या गावी मिळाले. ज्याचा बाप लालबागच्या चाळीतून पाच मिनिटांत गिरणीच्या फाटकाशी पोहोचत असे, त्याला आज कोनहून परळला यावयाचे तर आधी पनवेल गाठावे लागते, तेथे लोकल धरावी लागते आणि कुर्ल्यास गाडी बदलावी लागते.

स्वाध्याय

१. गिरणगावातील कामगार कामावर पायी जाऊ शकत असे. नव्या कचेऱ्यांतील माणसांना गाडीने का यावे लागते?

२. एका गिरणीची जमीन २४ एकर असून तीपैकी ६ एकर मोकळी आहे. १९९१ च्या व २००१ च्या नियमांप्रमाणे उद्यानासाठी सुमारे किती जमीन मिळेल, ते काढा.

३. वाक्यांत उपयोग करा : भोंगा होणे, मेळ घालणे, कागदावरच राहणे.

४. तुमच्या गावातील रेल्वे अथवा एसटी स्थानकाबाहेर सकाळी अर्धा तास उभे राहा. माणसे कोणत्या वाटेने येतात, कोठे अडतात, ते पाहून दहा ओळी लिहा.