केसांची मेंदी : तांबूस की काळी?

आपल्या सुरत जिल्ह्यातील बारडोली व मढी ही गावे मेंदीच्या पिकासाठी जुनी प्रसिद्ध. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिनला धरून बसते. घरी आम्ही मेंदीची पूड कोमट पाण्यात लिंबू पिळून कालवतो, रात्रभर झाकून ठेवतो, हातमोजे घालून लावतो आणि दोन-तीन तासांनी धुतो. रंग तांबूसच येतो. पाकिटातली ‘काळी मेंदी’ थोड्याच वेळात केस काळेभोर करते, तेव्हा तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याने काहींना फोड येतात, चेहरा सुजतो. म्हणून पाकिटावरील घटक वाचावेत. कोपराच्या आतील बाजूस ठिपका लावून ४८ तास थांबावे. मुलांना मात्र काळी मेंदी लावूच नये, ही पालकांना आमची विनंती.