नाणेघाटातील नावे आणि लोकगीतांचे संकलन

जुन्नर तालुक्यातील घाटघर हे नाणेघाटाच्या माथ्यावरील, महादेव कोळ्यांच्या वस्तीचे गाव. घाटातील सातवाहनकालीन लेणे आणि भोवतालच्या डोंगरी गावांतील मौखिक परंपरा या दोहोंकडे विद्यापीठीय अभ्यासक वळत आले आहेत. मात्र दोन्ही क्षेत्रांतील नोंदींची रीत सारखी नाही. या भेदाचा विचार येथे करावयाचा आहे.

लेण्यातील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण यांची मोजदाद आहे. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन व विवेचन केले. लेण्यात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमाही होत्या. त्या भंगल्या, परंतु त्यांच्यावर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी आदी नावे टिकली. त्या नावांवाचून कुळाचा इतिहास जुळविणे कठीण झाले असते.

लोकगीतांच्या संकलनात अनेकदा याच्या उलट घडते. गीत टिकते, गाणारीचे नाव गळते. पदव्युत्तर प्रबंधांच्या परिशिष्टांत गीताखाली ‘एक वृद्ध स्त्री’ किंवा नुसता तालुक्याचा उल्लेख आढळतो. मौखिक गीताला व्यक्तिगत कर्ता नसतो, असे त्याचे समर्थन केले जाते. हे समर्थन अपुरे आहे. गीत परंपरेचे असले तरी कोणते कडवे ठेवावे, कोठे आपल्या लेकीचे वा गावाचे नाव गुंफावे, हा निर्णय गाणारीचाच असतो. कर्तृत्व आणि प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी होत.

या बाबतीत हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांच्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनाचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागातून वाढत गेलेल्या या संकलनात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्या गायिका व गाव यांच्या नोंदींशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे एकाच ओवीची रूपे गावागणिक कशी बदलतात, हे तपासता येते. नाव देणे ही केवळ सौजन्याची बाब नसून संहितेच्या चिकित्सेची अट आहे.

विद्यापीठाचा परिसर हा संशोधन, कला आणि समूहजीवन यांचे एकत्र स्थान मानला जातो. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाल्याने प्रयोगकलांनाही तेथे अभ्यासाचे स्थान मिळाले. पण ज्या समूहाकडून गीते येतात, तो या परिसरात केवळ ‘माहिती देणारा’ म्हणून राहिला, तर हे एकत्रपण अपुरेच होय. म्हणून प्रत्येक गीताबरोबर गायिकेची संमती, तिच्या इच्छेनुसार नाव, गाव, प्रसंग व दिनांक नोंदवावा. संकलनाची एक प्रत गावाच्या शाळेत ठेवावी. आणि पाठनिश्चितीच्या चर्चेत गायिकांनाही बोलवावे.

नाणेघाटात नावे कोरली गेली, कारण तेथे राजसत्ता होती. जिच्यापाशी सत्ता नाही तिचे नाव राखण्याचे काम अभ्यासकाकडे येते, आणि ते परिशिष्टापासूनच सुरू होते.