घरातील दूरचित्रवाणी संच आणि संगणकाचा पडदा

कुंभकोणमात वाढलेले श्रीनिवास रामानुजन कागद परवडत नसल्यामुळे आपली गणिते पाटीवर करीत आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून पाटी पुसून टाकीत. संगणकालाही अशी एक पाटी लागते. त्याचे गणित स्मृतिकोशात चालते, तिथे माणसाची दृष्टी पोचत नाही. आरंभीच्या संगणकांनी आपली उत्तरे कागदावर छापून दिली. काचेच्या पडद्याची सोय पुढे झाली, परंतु तिची किंमत बराच काळ सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. अशा वेळी घरोघरी आधीच असलेल्या एका पडद्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. अमेरिकेत डॉन लँकास्टर यांनी सप्टेंबर 1973 मध्ये एका नियतकालिकातून प्रसिद्ध केलेल्या ‘टीव्ही टाइपरायटर’च्या आराखड्याने साध्या दूरचित्रवाणी संचावर 32 अक्षरांच्या 16 ओळी उमटवून दाखविल्या.

हे कसे घडते ते समजण्यासाठी संचाच्या चित्रनलिकेत डोकावले पाहिजे. नलिकेच्या मागील टोकाकडून निघालेली इलेक्ट्रॉन-शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेषा ओढते, झटकन परत येते आणि थोडी खाली सरकून दुसरी रेषा ओढते. भारतात स्वीकारलेल्या पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या 625 रेषा असतात आणि सेकंदाला अशी 25 चित्रे होतात. म्हणजे सेकंदाला 15,625 रेषा, आणि प्रत्येक रेषेला 64 मायक्रोसेकंद. त्यांपैकी सुमारे 52 मायक्रोसेकंदच शलाका दिसण्याजोगे काही लिहीत असते. हे चित्रही दोन हप्त्यांत येते: आधी एकाआड एक रेषा, नंतर मधल्या राहिलेल्या. बहुतेक घरगुती संगणकांनी हा खटाटोप टाळला. त्यांनी 312 रेषांचे एकच क्षेत्र सेकंदाला 50 वेळा पाठविले. त्यामुळे अक्षरे थरथरत नाहीत, मात्र उभ्या दिशेचा बारकावा निम्मा होतो.

संचाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त उजेड आणि काळोख कळतो. तेव्हा शलाका ज्या क्षणी ज्या ठिकाणी असेल, त्याच क्षणी त्या ठिकाणचा बिंदू उजळायचा की नाही हे संगणकाने सांगितले पाहिजे. 1982 साली इंग्लंडमध्ये विक्रीस आलेल्या स्पेक्ट्रम या छोट्या संगणकात 256 गुणिले 192 बिंदूंचे चित्र 6,144 बाइटांत साठविलेले असे आणि रंगांसाठी आणखी 768 बाइट राखलेले असत. ही पाटी सेकंदाला पन्नास वेळा नव्याने लिहिली जाते.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. पडद्यावर एका ओळीत किती अक्षरे मावतील? हा प्रश्न पडद्याच्या आकाराचा वाटतो. वास्तविक तो संकेताच्या वेगाचा आहे. आपल्या प्रक्षेपण पद्धतीत चित्रासाठी 5 मेगाहर्ट्झ एवढीच रुंदी मिळते. एक उजळ व एक काळा बिंदू मिळून एक कंपन होते, म्हणून सेकंदाला फार तर एक कोटी बिंदू स्पष्ट उमटतील. कडा सोडून 40 मायक्रोसेकंदांत लिहायचे तर एका रेषेवर 400 बिंदू होतात. एका अक्षराला 8 बिंदू दिले, तर 40 अक्षरांना 320 लागतात, ते निभते. 80 अक्षरांना 640 हवेत, आणि तिथे संच हात टेकतो: अक्षरे एकमेकांत विरघळतात. बीबीसी मायक्रो हा संगणक दोन्ही प्रकारे लिहू शके, पण 80 अक्षरांच्या ओळीसाठी त्याला स्वतंत्र मॉनिटरच योग्य. भारत सरकारने 1984 मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात सुमारे 250 शाळांतून जो संगणक पोचला, तो हाच.

रंगीत संच अक्षरांच्या बाबतीत साध्या संचाहून निकृष्ट ठरतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. रंगाची माहिती 4.43 मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर बसवून त्याच वाटेने पाठविलेली असते. अक्षराच्या बारीक उभ्या रेघांना संच रंग समजून बसतो आणि पांढऱ्या मजकुराच्या कडेला हिरव्या-जांभळ्या झालरी फुटतात.

जोडणीचे दोन मार्ग होते. पहिला म्हणजे मॉड्युलेटर: संगणक जणू एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र होतो आणि त्याची तार अँटेनाच्या जागी जाते. इंग्लंडमधील संगणक यासाठी यूएचएफ पट्ट्यातील 36 वी वाहिनी वापरीत. आपल्याकडील अनेक जुने संच केवळ व्हीएचएफ पट्टा पकडीत, तेव्हा जुळणी होत नसे. दुसरा मार्ग चित्रसंकेत सरळ आत देण्याचा, आणि तो अधिक स्वच्छ. परंतु पुष्कळ जुन्या संचांत ट्रान्सफॉर्मर नसे. धातूचा सांगाडा थेट विजेच्या तारेशी जोडलेला असे. ज्याच्या मागे चित्रसंकेताची खोबण नाही, असा संच उघडून तार डकविणे म्हणजे प्राणाशी खेळ.

तमिळनाडूत या प्रश्नाला एक वेगळेच वळण मिळाले. तिथल्या सरकारने 2006 पासून 14 इंची रंगीत संच मोफत वाटण्यास आरंभ केला. 2011 पर्यंत दीड कोटीहून अधिक संच घरोघर गेले. कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैसारख्या गावांपर्यंत चित्रनलिका पोचविण्याची ही योजना होती. मागे पिवळी खोबण असलेला असा कोणताही संच संगणकाचा पडदा होऊ शकतो. 2012 साली आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर नेमकी तीच खोबण होती. पण तोवर संचांची योजना संपली होती आणि 2011 पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप मिळू लागले होते, ज्यांना स्वतःचाच पडदा असतो. या दोन योजनांची गाठ पडली नाही, ही मला हळहळण्याजोगी गोष्ट वाटते.

अर्थात तमिळ लिपीची अडचण उरलीच असती. ‘साक्कोट्टै’ हे नाव तमिळमध्ये लिहिताना ‘को’मधील मात्रेचा एक भाग व्यंजनाच्या आधी आणि दुसरा नंतर येतो, ‘टै’ची मात्रा तर संपूर्ण आधीच येते. एकेका चिन्हाला एक चौकट दिली, तर हे लहानसे नाव नऊ चौकटी अडविते. 32 चौकटींच्या ओळीचा चौथा हिस्सा त्यातच संपतो. देवनागरीची अडचण उभ्या दिशेने आहे, कारण वेलांटी वर आणि उकार खाली. आठ बिंदूंच्या उंचीत हे सारे बसत नाही. कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेल्या ‘जिस्ट’ तंत्राने भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या.

आजच्या सपाट पडद्यावर शलाका नाही. 1920 गुणिले 1080 बिंदू आपापल्या जागी स्थिर असतात आणि एचडीएमआय तारेने प्रत्येकाला त्याचा निरोप मिळतो. तरी जुन्या नलिकेची एक सवय टिकून आहे. नलिकेच्या कडा लपविण्यासाठी चित्र थोडे मोठे करीत. कित्येक सपाट संच अजूनही तसेच करतात आणि संगणकाच्या पडद्यावरची खालची पट्टी दिसेनाशी होते. संचाच्या मांडणीत चित्र मूळ मापात दाखविण्याचा पर्याय असतो, तो निवडला की कडा परत येतात आणि अक्षरेही ठसठशीत होतात.