आश्विनातच राखा पुढच्या वर्षीचं कुरण

गायरान सुधारायचं म्हटलं की बहुतेकांना जून आठवतो. पण जूनमध्ये पेरायचं देशी गवताचं बी बाजारात सहसा मिळत नाही. ते आत्ता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याच शिवारातल्या बांधांवर आणि राखलेल्या माळांवर पिकतं आहे. दख्खनचं मूळ कुरण शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी अशा गवतांचं आणि रानमुगासारख्या शेंगवर्गीय वेलींचं. अतिचराईने चवीची गवतं आधी संपतात आणि कुसळी, तरोटा, गाजरगवत उरतं. मिश्र कुरणात एक गवत पावसाने दगा दिला तर दुसरं तगतं आणि शेंगवर्गीयांमुळे चाऱ्यात प्रथिनं वाढतात. माळावरचे चंडोल, तणमोरही अशाच कुरणावर जगतात.

बी कसं गोळा कराल?
तुरा मुठीत धरून हलकेच वर ओढा. बी सहज हातात आलं तर ते पिकलं. थोडं तळहातावर चोळून पाहा. आत टणक दाणा लागला पाहिजे, कारण बरीच तुसं पोकळ असतात. सगळं बी एकदम पिकत नाही, म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या करा. अनेक ठिकाणच्या अनेक ठोंबांवरून बी घ्या आणि निम्मं तरी तिथेच गळू द्या. प्रत्येक जातीचं बी सावलीत वाळवून वेगवेगळ्या कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. जूनपर्यंत ती आपोआप मिळते.

उन्हाळ्यातली तयारी
घाणेरी आणि विलायती बाभूळ मुळासकट काढा. खोल नांगरट मात्र नको. त्याने उरलेले चांगले ठोंब मरतात आणि माती वाहून जाते. उताराला आडवी, वखराने हलकी ओरखड पुरे. माळावर दाट झाडंही लावू नका. ही गवतं उन्हाची आहेत, सावलीत ती मागे पडतात.

पेरणी आणि लागवड
पहिल्या चांगल्या पावसानंतर हेक्टरी ४ ते ५ किलो बी ओलसर मातीत मिसळून ओळीत टाका. त्यावर सेंटीमीटरभराहून जास्त माती नको. मुरमाड उतारावर शेडा आणि डोंगरी, तर काळसर, ओल धरणाऱ्या जागी मारवेल घ्या. मारवेल ठोंबाने लवकर धरतो: जुलैत ढगाळ दिवशी मुळांसह दोन-तीन फुटव्यांचे ठोंब लावा. मधल्या जागेत रानमूग टाका. गाजरगवत फुलण्याआधीच उपटा.

चराईचं काय?
पहिलं वर्ष पूर्ण चराईबंदी पाळा. बी गळल्यावरच गवत कापा. दुसऱ्या वर्षी कापून न्या. तिसऱ्या वर्षापासून कुरणाचे चार भाग करून आळीपाळीने चारा. दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत राखा. कुसळी असलेल्या भागात ती फुलण्याआधीच गुरं सोडा, नंतर तिची कुसळं मेंढ्यांच्या तोंडात रुततात. वणवा थांबवायला हिवाळ्यातच भोवतीने जाळरेषा काढा.

गायरान साऱ्या गावाचं आहे. ते बंद करण्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्या चर्चेला धनगर, गुराखी यांना आवर्जून बोलवा. त्यांची गुरं-मेंढरं त्या काळात कुठे चरतील, हे आधी ठरलं तरच बंदी टिकते. कुठल्या ओघळीत कुठलं गवत तगून आहे, हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. या आठवड्यात त्यांच्यासोबत माळ फिरा आणि बी गळायच्या आत जागा हेरून ठेवा.