अंगणातील फुलझाडे आणि कीडनियंत्रण

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा अवर्षणप्रवण भाग. माणगंगेच्या काठी, सिद्धनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेल्या म्हसवडसारख्या गावी अंगणात जास्वंद किंवा मोगरा जगवायचा, तर घरच्या वापरातून वाचविलेल्या पाण्यावरच. अशा झाडाची कळी किडीने नासली, म्हणजे ते पाणीही वाया गेले.

अशा वेळी शेतातील उरलेले कीटकनाशक अंगणात फवारण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. अंगणात मुले खेळतात, पाण्याची भांडी असतात. तेथील फुले देव्हाऱ्यात आणि केसांत जातात. शिवाय अशा औषधाने किडीचे नैसर्गिक शत्रूही मरतात आणि कीड पुन्हा अधिक जोमाने वाढू शकते.

कीड कशी ओळखावी?

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्यास कळी पांढऱ्या कागदावर झटकावी. सुईच्या टोकाएवढे फुलकिडे हालचाल करताना दिसतात. मोगऱ्याच्या कळीला छिद्र असल्यास आत अळी असते. झेंडूच्या पानांवर फिकट ठिपके आणि खालच्या बाजूस बारीक जाळी असल्यास तो लाल कोळी होय. उष्ण, कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. म्हणून या भागात उन्हाळ्यात विशेष लक्ष ठेवावे.

उपाय

किडक्या कळ्या व शेंडे खुडून नष्ट करावेत. गळालेल्या कळ्याही झाडाखाली राहू देऊ नयेत. झाडास द्यावयाचे पाणी सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराने मारावे. त्यामुळे धूळ, मावा आणि कोळी धुऊन जातात व पाणी आळ्यातच पडते.

एवढ्याने न भागल्यास निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांच्या गराची ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा आणि सायंकाळी फवारावी. उन्हात या अर्काचा प्रभाव लवकर ओसरतो. प्रथम एका फांदीवर फवारून परिणाम पाहणे श्रेयस्कर.

मित्र ओळखा

पिठ्या ढेकणाच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात. म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करावा. मात्र पांढरे दिसेल ते सर्व चिरडू नये. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलीमस हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो. त्याची अळीही पांढरी व मेणचट असते. पण ती आकाराने मोठी आणि चपळ असते. शत्रू समजून अनेकदा तिचाच बळी जातो.

आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहण्याची सवय लागली, तर बहुतेक कीड वाढण्यापूर्वीच आटोक्यात येते. त्यासाठी पैसा लागत नाही. लागते ती केवळ डोळस निगा.