हवेत पोहणारी जेलीफिश



विमान म्हटले की पंख, इंजिन आणि धावपट्टी आठवते. परंतु जर्मनीतील फेस्टो या कंपनीने २००८ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात एक वेगळेच उडणारे यंत्र मांडले. त्याचे नाव ‘एअरजेली’. रिमोटच्या इशाऱ्यावर ते सभागृहात जेलीफिशसारखे तरंगत असे.

ते तरंगते कसे? त्याचा फुगा सुमारे १.३५ मीटर व्यासाचा. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरा, उत्तर सुमारे १.३ घनमीटर येईल. एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो, तर तेवढ्याच हेलियमचे फक्त ०.१७ किलो. म्हणजे एक घनमीटर हेलियम जवळजवळ एक किलो भार पेलतो. आणि संपूर्ण यंत्राचे वजन आहे १.३ किलो! आर्किमिडीजचा जो नियम आपण पाण्यासाठी शिकतो, तोच हवेलाही लागू पडतो.

जेलीफिश आपले छत्रीसारखे अंग आवळून पाणी मागे ढकलते आणि स्वतः पुढे सरकते. हा न्यूटनचा तिसरा नियम. एअरजेलीत एकच मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने आठ शुंडके हलवते व ती हवा ढकलतात. दिशा बदलण्यासाठी लंबक आहे. तो झुकेल तिकडे यंत्राचा तोल जातो.

शुंडकांची रचना मात्र माशाच्या शेपटीच्या परावरून घेतली आहे. तो पर बोटाने दाबला, तर दूर न जाता बोटाकडेच वळतो. पुढे याच रचनेवर नाजूक वस्तू न चिरडता उचलणारी यांत्रिक बोटे तयार झाली.

या यंत्राला मर्यादाही आहे. आकार मोठा आणि वजन कमी, त्यामुळे बाहेरचा वारा त्याला सहज वाहून नेईल. म्हणून ते छताखालीच उडवायचे.

लक्षात घ्या, अभियंत्यांनी जेलीफिशची नुसती नक्कल केली नाही, तिच्या चालण्यामागचे कारण शोधले. गाइडमधले उत्तर उतरवणे आणि धडा समजणे यांतही एवढेच अंतर आहे. पालकांनाही विनंती आहे की मूल चतुराकडे किंवा मुंग्यांच्या रांगेकडे टक लावून बसले, तर ‘वेळ घालवू नकोस’ म्हणून त्याला उठवू नका. त्याने काय पाहिले ते विचारा. अभ्यासाची सुरुवात तिथेच होते.

घरी करून पाहा :
१. एक मीटर व्यासाचा हेलियमचा फुगा किती भार पेलेल?
२. जाड कागदाच्या दोन लांब पट्ट्या एका टोकाला जोडा. मध्ये शिडीसारखे आडवे तुकडे टोके दुमडून चिकटवा. एका बाजूने बोटाने दाबा. टोक कुठे वळते? वहीत चित्र काढून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.

— प्राचार्य