क्रूझने लक्षद्वीप : बेटावर उतरायचे कसे?

प्रश्न : आम्ही दोघे साठीच्या पुढचे. मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जायचे घाटते आहे. सीना-कोळेगाव धरणापलीकडे आम्ही पाणी पाहिलेले नाही. पासपोर्ट लागेल का? जहाज बंदराला लागले की निवांत उतरून फिरता येईल ना? यांचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, परंडा

उत्तर : ताई, लक्षद्वीप आपलाच केंद्रशासित प्रदेश, त्यामुळे पासपोर्ट नको. प्रवेश परवाना मात्र लागतो. तो कंपनी काढून देते की तुम्हाला काढावा लागेल, हे पैसे भरण्याआधी विचारा.

बंदराची कल्पना सोडून द्या. बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि उथळ पाणी असल्याने मोठे जहाज बाहेर खोल समुद्रातच थांबते. बेटावर जायला जहाजाच्या बाजूच्या दारातून खालच्या होडीत पाऊल टाकायचे. खलाशी दंडाला धरतात, पण लाटेबरोबर होडी वरखाली होतच असते. गुडघ्यांची परीक्षा तिथेच! डॉक्टरांशी बोलून घ्या. नाहीच जमले तर यांनी खुशाल जहाजावर थांबावे, त्यात कमीपणा कसला? समुद्र खवळला तर कप्तान उतरणेच रद्द करतो. तेव्हाचा परताव्याचा नियम वाचून ठेवा.

कोचीहून सरकारी ‘समुद्रम’ सहलही आहे : कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय, दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. होडी तिथेही लागू शकते. म्हणून तुमच्यासाठी मला कोचीहून अगत्तीचे विमान बरे वाटते. परवाना त्यालाही हवाच.

रोख पैसे जवळ ठेवा. आणि नातवंडांसाठी प्रवाळाचा तुकडा उचलू नका, तो गुन्हा आहे.